भिंतीच्या पोटातलं मीठ

बुलढाणा जिल्ह्यात दिवाळी आली की घरं फोडायला सुरुवात होते. सोयाबीन विकलं गेलेलं असतं, कपाशीचा पहिला वेचा घरात आलेला असतो, हातात चार पैसे असतात आणि आभाळ निवळलेलं असतं. दिवाळी ते होळी हेच काय ते भिंतीला हात लावायचे दिवस. त्याआधी भिंत पावसाने भिजलेली असते. होळीनंतर लग्नसराई येते, विहिरी तळाला जातात आणि बांधकामाला पाणी मिळत नाही. त्यामुळे या चार महिन्यांत चांगला मिस्त्री मिळणं मुश्कील होतं. गावोगावी घरांपुढे विटा आणि रेती येऊन पडते, आणि शेजारी काढलेल्या भिंतीचा मलमा.

त्या मलम्याकडे कुणी बघत नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली येते, मलमा गावाबाहेरच्या खड्ड्यात जातो, चार दिवसांत नवी वीट चढते, सिमेंटचा गिलावा होतो, रंग लागतो. आणि तीन-चार पावसाळ्यांनी त्याच कोपऱ्यात, जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर, तोच डाग पुन्हा उठतो. घरची माणसं मिस्त्रीला दोष देतात, मिस्त्री सिमेंटला देतो, सिमेंट विकणारा रेतीला. अशी कामं जवळून पाहत आल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. आपण खराब झालेली भिंत काढतो आणि ती खराब करणारी गोष्ट जागच्या जागी ठेवतो. ती गोष्ट बहुतेक वेळा पाणी असतं. पाणी कुठून येतंय हे कळल्याशिवाय भिंतीवर घण घालू नये, आणि कळल्यावर जेवढी सडली तेवढीच काढावी, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. पण हे ‘एवढंच’ या जिल्ह्यात सोपं नाही. त्याची कारणं जमिनीत आहेत, तशीच सरकारी कागदांतही आहेत.

जिल्ह्याचे दोन भाग आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. घाटावर काळा दगड हाताशी, म्हणून जुन्या भिंती दगडाच्या. घाटाखाली पूर्णा नदीने आणून टाकलेली खोल माती, दगड दुरून आणायचा, म्हणून जोतं तेवढं दगडाचं आणि वर मातीच्या, कच्च्या विटांच्या किंवा ऐपत असेल तर भाजलेल्या विटांच्या भिंती. एकोणिसाव्या शतकात कापसाचा पैसा आला, 1870 मध्ये जलंबपासून खामगावला आगगाडीचा फाटा गेला, तेव्हा व्यापाऱ्यांनी पक्क्या विटांचे आणि सागवानी खांबांचे वाडे उठवले. घाटावरची भिंत आणि घाटाखालची भिंत एकाच पावसात भिजते, पण मरते वेगवेगळ्या आजारांनी.

आधी घाटाखालचं सांगतो, कारण तिथलं दुखणं वाईट आणि समजायला अवघड आहे.

पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे 4,700 चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा आहे. विहीर खणा, बोअर मारा, पाणी खारट. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या गावांना प्यायचं पाणी वान धरणावरून नळाने आणावं लागलं ते यामुळेच. माणसाने हे पाणी प्यायचं टाळलं, पण घर टाळू शकत नाही. घराचं जोतं त्याच मातीत उभं असतं. वातीने तेल वर ओढावं तसं भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते, आणि पाण्याबरोबर त्यात विरघळलेलं मीठही चढतं. वर आलेलं पाणी वाऱ्याने उडून जातं. मीठ उडत नाही. ते विटेच्या बारीक छिद्रांत साचतं, कोरड्या हवेत त्याचे स्फटिक होतात, आणि स्फटिक वाढताना आजूबाजूची वीट आतून फोडतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की ते मीठ पुन्हा विरघळतं, हिवाळ्यात पुन्हा स्फटिक होतात, पुन्हा वीट फुटते. असं वर्षानुवर्षं चालतं. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो.

जुन्या मातीच्या भिंतीला लोणा लागायचाच. पण ती भिंत मातीने लिंपलेली असे आणि शेणाने सारवलेली. पाणी आणि मीठ त्या लिंपणातून बाहेर येत, लिंपण झडे, घरातल्या बाया सणाच्या आधी ते खरवडून नवं लिंपण देत. म्हणजे मीठ दरवर्षी थोडं थोडं घराबाहेर काढलं जाई. भिंतीचं पोट शाबूत राही. मग सिमेंट आलं. सिमेंटचा गिलावा कडक आणि घट्ट. त्यातून पाण्याला सहजी बाहेर येता येत नाही, म्हणून ते वाट शोधत आणखी वर चढतं. पूर्वी गुडघ्याएवढी असलेली ओल कमरेच्या वर जाते. मीठ गिलाव्याच्या मागे, विटेच्या अंगात साठतं. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते, रंगवलेली दिसते, आणि आत पीठ होत असते.

हे पीठ मी नांदुरा तालुक्यात, पूर्णेकडच्या एका गावातल्या ओळखीच्या घरी पाहिलं. तीन पिढ्यांचं घर. दगडी जोतं, पुढची भिंत मातीत रचलेल्या भाजक्या विटांची, बाकीच्या कच्च्या विटांच्या, आत सागवानी खांब आणि त्यावर तुळया. वर पूर्वी मातीचं धाबं होतं, आता पत्रे. पंचवीसेक वर्षांपूर्वी सगळ्या भिंतींना बाहेरून-आतून सिमेंटचा गिलावा झालेला. घरच्यांचा बेत होता की चारही भिंती पाडायच्या, खांब विकायचे आणि नवीन बांधायचं. मिस्त्री उतारवयाचे, चुन्याचं काम हाताखाली शिकलेले. त्यांनी पहिल्या दिवशी घण गाडीतून काढलाच नाही. थापीच्या दांड्याने भिंत वाजवत फिरले. जिथे बद्द आवाज आला तिथे कोळशाने रेघ मारली. ओळंबा सोडून पाहिला. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरप्या गेलेल्या भेगेवर काचेची पातळ पट्टी सिमेंटने दोन्ही टोकांना चिकटवली. भेग अजून हलत असेल तर काच तडकते, शांत झाली असेल तर काच तशीच राहते. मग ते घराबाहेर पडले आणि घराभोवती चक्कर मारून पाणी कुठे जातं ते पाहिलं.

तिथे सगळं उघडं पडलं. गल्लीतला सिमेंटचा रस्ता दोनदा झाला होता, आणि दुसरा रस्ता पहिला न खोदता त्याच्याच वर ओतला होता. अंगणापेक्षा रस्ता वर गेला. पावसाचं पाणी गल्लीतून गटारात जायच्या ऐवजी घराच्या पुढच्या भिंतीला येऊन थांबत होतं, आणि दगडी जोत्याचा वरचा थर, जो मुळात पाण्यापासून वीट उंच ठेवण्यासाठी होता, तो रस्त्याखाली गाडला गेला होता. मागच्या बाजूला न्हाणीचं पाणी नळीतून बाहेर पडून थेट भिंतीच्या पायात मुरत होतं. जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत हीच गत आहे. रस्त्याची उंची ठरवताना दोन्ही बाजूंच्या घरांचे उंबरे कुठे आहेत हे मोजलं जात नाही. मोजलं जायला हवं. एका रस्त्याने अख्ख्या गल्लीतल्या भिंती सडतात आणि त्याचा खर्च एकेक घर आपापल्या सोयाबीनच्या पैशातून भरत राहतं.

न्हाणीच्या पाण्याचा दुसरा त्रासही त्याच भेगेत दिसला. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात शेतात पाय अडकावा एवढ्या भेगा पडतात त्या यामुळे. घराचा एक कोपरा बारा महिने ओला आणि दुसरा कोरडा राहिला, तर एक कोपरा वर उचलला जातो, दुसरा खाली बसतो आणि भिंत दाराच्या-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी फाटते. या मातीत घर कसं उभं करावं याचा विचार आपल्याकडे झालेला आहे. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच जमिनीसाठी तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत खोल उतरवायची पद्धत विकसित केली. जुने लोक पाया मुरूम लागेपर्यंत नेत आणि भोवती मुरमाची भर करत, हेतू तोच. पण आधीच उभ्या असलेल्या घराला सर्वांत स्वस्त इलाज म्हणजे घराभोवतीची ओल सारखी ठेवणं. न्हाणीचं पाणी नळीने दूर नेलं की भेगेचं निम्मं कारण गेलं. त्या घरात भिंतीला हात लावायच्या आधी न्हाणी हलली, रस्त्याच्या बाजूला पाणी अडवणारी चर खोदून तिला उतार दिला गेला. घरच्या आजींना हे पटत नव्हतं. भिंत दुरुस्त करायला आलेले लोक अंगण का खणत बसलेत, असं त्या दोन दिवस म्हणत होत्या. तिसऱ्या दिवशी चरीत साठलेलं पाणी पाहून त्यांनी स्वतःच नातवाला चर आणखी हातभर पुढे न्यायला लावली.

मग भिंत उघडली. आधी तुळयांखाली लोखंडी जॅक आणि बल्ल्यांचे टेकू लागले, वीज मुख्य बटणापासून बंद झाली, कारण गिलाव्यात पुरलेली वायर कुठून गेली आहे हे कुणालाच आठवत नव्हतं. पत्र्यांपैकी काही जुने सिमेंटचे होते. त्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो, फुटले की त्याचे तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात बसतात, म्हणून ते पाणी मारून, न फोडता, अख्खे उतरवले. हे सगळीकडे होत नाही. पोरं वरून पत्रे खाली टाकतात, फुटताना मजा बघतात. तसं करू नये, आणि नुसता गमछा तोंडाला बांधून भागत नाही.

गिलावा छन्नीच्या दोन-चार ठोक्यांत ढिला झाला आणि मोठमोठ्या पापुद्र्यांनी सुटून आला. मागच्या बाजूला विटांच्या सांध्यांचे ठसे जसेच्या तसे. आणि विटा? कमरेच्या उंचीपर्यंत बोटाने खरवडलं तरी लाल पूड हातात येत होती. सांध्यातली माती अजून ओली होती, पाऊस जाऊन महिना झाला होता तरी. ओलीच्या वरच्या कडेला पांढरं, मऊ, बोटाला चिकटणारं मीठ. मिस्त्रींनी चिमूटभर जिभेला लावलं आणि थुंकले. कमरेच्या वरच्या विटा मात्र ठणठणीत होत्या. म्हणजे भिंतीचा खालचा भाग गेला होता, वरचा भाग अजून पन्नास वर्षं चालला असता. चारही भिंती पाडायची गरज नव्हती.

खालचा भाग काढायचा आणि वरचा ठेवायचा, हे काम घाईचं नाही. भिंतीची लांबी हात-दीड हाताच्या तुकड्यांत विभागायची, एक तुकडा काढायचा, तिथे नव्या विटा भरायच्या, त्यांना मुरायला वेळ द्यायचा आणि मगच, शेजारचा सोडून पुढचा तुकडा उघडायचा. शेजारशेजारचे दोन तुकडे एकदम उघडले तर वरची भिंत अंगावर येते. दरवर्षी पावसाळ्यात आणि नंतर दुरुस्तीच्या दिवसांत भिंत कोसळून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, त्यातल्या काही अशाच घाईच्या असतात. नवी वीट चढवण्याआधी जोत्यावर कडप्प्याच्या पट्ट्या अंथरल्या. कडप्पा पाणी ओढत नाही, म्हणून खालचं पाणी तिथेच अडतं. नव्या घरात यासाठी जोत्यावर काँक्रीटचा थर देतात, तोही बरेच जण वाचवतात.

खांबांचं काय झालं ते सांगायला हवं, कारण ते विकायचे ठरले होते. साग होता सातपुड्यातला, वरून खणखणीत. पण बुडाशी उधई लागलेली. मूळ बांधणीत प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर उभा होता, लाकूड मातीला टेकतच नव्हतं. पुढे घरात टाईल्स बसवताना जमिनीची पातळी वाढवली, तळखडे आणि खांबांची बुडं काँक्रीटमध्ये गाडली गेली. तिथे ओल राहिली, उधईला वाट मिळाली. सुताराने सडलेली बुडं कापली, खालून सागाचेच तुकडे सांधा करून जोडले आणि तळखडे नव्या जमिनीच्या वर उचलून घेतले. अशा घरात छपराचा भार खांब आणि तुळया घेतात, भिंत बरीचशी आडोशाची असते. म्हणूनच ती तुकड्या-तुकड्याने काढता येते. पण हे प्रत्येक घरी खरं नसतं. तुळईचं टोक नुसतंच भिंतीत शिरलेलं असेल तर ती भिंत भार घेते, आणि तिला हात लावायच्या आधी माहितगाराला विचारलंच पाहिजे.

काढलेली मातीही दोन ढिगांत गेली. चांगली निघालेली माती भिजवून, कुटार आणि शेण मिसळून पुन्हा वापरली. खालची खारावलेली माती ट्रॉलीत भरून बाहेर. ती पुन्हा भिंतीत गेली असती तर मीठही परत गेलं असतं, आणि शेतात टाकली असती तर शेत खारावलं असतं. हीच खारी माती पूर्वी लोक मुद्दाम धाब्यावर टाकत, कारण ती भिजली की घट्ट मिटते आणि पाणी खाली झिरपू देत नाही. जे भिंतीला मारतं ते छपराला तारतं, हे त्यांना माहीत होतं. खाऱ्याशी या जिल्ह्याचा संबंध तसा फार जुना. लोणारच्या सरोवरातल्या क्षारांचा साबण आणि काच करण्यासाठी उपयोग होतो, अशी नोंद ‘आईन-इ-अकबरी’त आहे.

ज्यांची घरं सिमेंट-लोखंडाची आहेत त्यांनी सुटलो म्हणू नये. खारपाणपट्ट्यात आधीच्या पिढीने बांधलेल्या स्लॅबच्या घरांत छज्जे आणि बीम खालून फुटताना दिसतात. लोखंड उघडं पडतं, गंजलेलं, पानं सुटावीत तसे त्याचे थर. काँक्रीट कालवायला आणि नंतर भिजवायला घरच्याच विहिरीचं पाणी वापरलेलं असतं. भारतीय मानक 456, सन 2000 ची आवृत्ती, सांगते की लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड लोखंडाला गंज लावतं, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीटला आतून ढकलून पाडतो. पाण्याची तपासणी फार महाग नाही. घर बांधणाऱ्याने ती करून घ्यावी, आणि पाणी खारं निघालं तर टँकरचं गोड पाणी आणावं. स्लॅबपुढे तो खर्च काहीच नाही.

आता घाटावर. तिथे मीठ नाही म्हणून लोक निश्चिंत असतात, पण दगडी भिंत पोट काढते. दोन-अडीच फूट रुंदीची जुनी भिंत बाहेरून एकसंध दिसली तरी बहुधा ती दोन भिंती असते: बाहेरचा दगडाचा थर, आतला दगडाचा थर आणि मध्ये दगडगोट्यांची आणि मातीची भर. वरून पाणी शिरलं की मधली माती बसते, भर खाली सरकते आणि बाहेरचा थर फुगतो. दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड ठरावीक अंतरावर घातलेले असतील तर भिंत टिकते, नसतील तर एक दिवस बाहेरचा थर रस्त्यात येऊन पडतो. हे किती महत्त्वाचं आहे ते महाराष्ट्राने 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात पाहिलं. सुमारे आठ हजार माणसं गेली, ती प्रामुख्याने मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड धाब्यांखाली. त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीने जो पुनर्वसनाचा कार्यक्रम झाला, त्यात नवी गावं वसवण्याबरोबर लाखाहून अधिक उभ्या घरांच्या मजबुतीकरणाचंही काम होतं. त्यातली एक पद्धत आजही कुणी घाटावर वापरावी अशी आहे. भिंतीत साधारण मीटरभर अंतरावर एकेक दगड हलवून, न ठोकता, हलक्या हाताने बाहेर काढायचा. त्या भोकातून आरपार वाट करायची, आत दोन्ही टोकांना वाकवलेली लोखंडी सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. भिंत पाडावी लागत नाही. पण पोट फार पुढे आलं असेल तर तेवढा भाग उतरवून पुन्हा रचण्याला पर्याय नाही, आणि उतरवताना वरून खाली, थराथराने. खालून पोट फोडलं तर सगळं खाली येतं.

भिंतीत पिंपळ-उंबर उगवले असतील तर तेही असंच. वरून छाटलेलं झाड पुढच्या पावसात दुप्पट फुटतं, मूळ तर आत भिंत फाडत असतंच. जिथपर्यंत मूळ गेलं आहे तिथपर्यंत दगड उतरवावे लागतात.

दगड सावकाश उतरवण्याचं महत्त्व सांगायला सिंदखेडराजाइतकं चांगलं ठिकाण नाही. जिजाऊंचं हे जन्मगाव. तिथे त्यांच्या वडिलांची, लखुजीराजे जाधवरावांची समाधी आहे. 1629 मध्ये दौलताबादला निजामशाही दरबारात त्यांची हत्या झाली. 2024 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाने या समाधीच्या जतनाचं काम हाती घेतलं. काम साधंच: पडझड आवरणं, परिसरातला मलमा काढणं. मलमा हलवताना काही दगड रांगेत, मुद्दाम रचल्यासारखे दिसले. कामगारांनी आणि अधिकाऱ्यांनी तिथे हात आवरला, पद्धतशीर उत्खनन सुरू केलं आणि एका मंदिराचं जोतं उघडं झालं. मग जूनमध्ये, जमिनीखाली सव्वादोन मीटरच्या आसपास, शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. सुमारे 1.70 मीटर लांब, मीटरभर उंच, पायाशी लक्ष्मी आणि पटलावर समुद्रमंथन. या भागात दगड म्हणजे काळा बेसॉल्ट. ही मूर्ती मात्र क्लोराइट शिस्ट नावाच्या मऊ दगडाची. म्हणजे दगड किंवा मूर्ती, काहीतरी दुरून आलेलं. जेसीबीने मलमा उचलला असता तर यातलं काय हाती लागलं असतं?

आपल्या घराच्या भिंतीत विष्णू निघणार नाही. पण कोनाड्यात चिणलेली कागदपत्रं, आजोबांच्या हातची मोडी लिपीतली खतं, शेजाऱ्याबरोबरच्या सामाईक भिंतीची जुनी खूण निघते, आणि पुढे गावठाणाच्या मोजणीत तीच कामाला येते. भिंत फोडण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा असं मी भेटेल त्याला सांगतो. सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्याला आधी सांगा, त्याच्या बाजूने काय टेकलं आहे ते बघा, आणि बोलणं कागदावर घ्या.

हे सगळं लोक करत का नाहीत? अज्ञान हे उत्तर मला मान्य नाही. पैसा कशाला मिळतो आणि कशाला मिळत नाही, ते बघावं लागतं. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये केंद्राच्या निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात घराला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, किमान 25 चौरस मीटरचं नवं पक्कं घर बांधण्यासाठी. त्यासाठी आधीचं घर कच्च्या भिंतींचं आणि कच्च्या छपराचं असावं लागतं. मातीची भिंत नीट दुरुस्त केली, छप्पर चांगलं केलं, तर यादीतून नाव जायची भीती. आपत्तीतही तेच. जुलै 2023 मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत प्रचंड पाऊस झाला, पूर आला, घरं पडली. आपत्ती मदतीच्या निकषात पूर्ण पडलेल्या घराला 1 लाख 20 हजार. किमान 15 टक्के पडझड झालेल्या कच्च्या घराला 4,000 रुपये. एक भिंत गेलेल्या माणसाने 4,000 रुपयांत काय करायचं? टेकू, विटा, दोन दिवसांची मजुरी, संपलं. पूर्ण पडलेलं आणि 15 टक्के पडलेलं यांच्यात जी सारी घरं आहेत, ज्यांना 30-40 हजारांत वीस वर्षांचं आयुष्य मिळालं असतं, त्यांच्यासाठी निकषात जागा नाही. त्यामुळे माणूस उरलेली भिंतही पडायची वाट पाहतो. पंचनाम्याच्या कागदावर दुरुस्तीचा खरा खर्च लिहायचा एक रकाना असावा, आणि तो लिहायला तलाठ्याबरोबर बांधकाम जाणणारा माणूस असावा, ही मागणी मला रास्त वाटते. घरकुलाच्या योजनेतही जुन्या घराच्या मजबुतीकरणाला पैसे मिळायला हवेत. किल्लारीनंतर याच राज्याने ते करून दाखवलेलं आहे.

दुसरी अडचण हातांची. चुन्याचा गिलावा करणारे गवंडी संपत चालले आहेत. चुनकळी विझवणं, ती पाण्याखाली मुरू देणं, रेती आणि विटांची सुरखी योग्य प्रमाणात घालणं, जुन्या पद्धतीत गूळ, बेलफळ, उडीद घालणं, थर पातळ देणं आणि तो ओला ठेवणं, हे पुस्तक वाचून येत नाही. चुनकळी पाण्यात पडली की पाणी उकळतं, डोळ्यांत उडालं तर डोळा जातो, म्हणून पोरांना जवळ फिरकू देत नाहीत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश कडक होतो. सिमेंटची सवय झालेल्याला ती वाट बघणं सोसत नाही. पण खारावलेल्या भिंतीला चुन्याशिवाय किंवा मातीशिवाय दुसरा गिलावा चालत नाही. तो मीठ बाहेर येऊ देतो. मीठ बाहेर येताना गिलावा झडतो, पहिला गिलावा जायचाच असतो, तो मीठ घेऊन जातो. जुन्या वास्तूंवर पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ ओला कागदाचा लगदा थापून मीठ ओढून घेतात, सुकलेला लगदा काढून टाकतात आणि पुन्हा थापतात. तत्त्व एकच. सेवाग्रामला 1930 च्या दशकातली मातीची बापूकुटी आजही उभी आहे ती अशाच वेळच्या वेळी केलेल्या लिंपण-सारवणावर.

नांदुऱ्याकडच्या त्या घरात पुढची भिंत आता खालून नवी आणि वरून जुनी आहे. आतल्या बाजूला अजून गिलावा दिलेला नाही. विटा उघड्याच ठेवल्या आहेत, दर आठवड्याला धाकटी सून कोरड्या ब्रशने मीठ झाडते आणि पोत्यात भरते. पाण्याने धुवायचं नाही हे तिने घरातल्या सगळ्यांना बजावलं आहे, कारण धुतलं की मीठ विरघळून पुन्हा आत जातं. पाहुणे आले की विचारतात, काम अर्धं का सोडलं, पैसे संपले का? ती त्यांना चर दाखवते. दारावरची काच अजून अखंड आहे. मागची भिंत संक्रांतीनंतर उघडायची ठरली आहे, आणि मिस्त्री स्वतःबरोबर गावातलेच दोन तरुण घेऊन येणार आहेत, चुन्याचं काम शिकवायला. त्या दोघांना रोजी घरच्यांनीच द्यायची कबूल केली आहे.